बर्फ काढलेला नकाशा घेऊन कोकणात

बुधवार : अणुस्कुरा घाट ते देवाचे गोठणे

अणुस्कुरा घाट उतरताना दर वेळी गिअर बदलला की माझं कोपर एका प्लॅस्टिकच्या नळकांड्यावर आपटत होतं. नळकांड्यात भाचीचा नकाशा. अंटार्क्टिकाचा, पण वरचा सगळा बर्फ काढून टाकलेला. कोकणात चाललोय तर हा कशाला, असं मी कराडलाच विचारलं होतं. "रात्री बघायला," एवढंच उत्तर मिळालं. ती पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करते आणि मामाकडे गाडी आहे, या दोन गोष्टींवर ही सहल उभी होती. तिला सडे, म्हणजे कोकणातली उघड्या कातळाची पठारं, बघायची होती, मला मासे खायचे होते.

घाटात एका वळणावर तिने गाडी थांबवायला लावली. कड्यात एकावर एक बसलेले काळ्या दगडाचे थर सरळ दिसत होते. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा हा लाव्हा, आणि त्या वेळी अंटार्क्टिकावर आजच्यासारखा बर्फ नव्हताच, झाडं होती, असं ती म्हणाली. तिथली मोठी हिमचादर तयार व्हायला लागली ती सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे आपला सह्याद्री त्या बर्फापेक्षा किती तरी जुना. मला उगाच बरं वाटलं.

खाली उतरल्यावर राजापूर मागे टाकून पश्चिमेला वळलो. रस्त्याकडेला चिरेखाण चालू होती. मशिनचं पातं जांभ्यात फिरत होतं आणि लाल धूळ शेजारच्या काजूच्या पानांवर इतकी बसली होती की झाडाचा मूळ रंग कोणता हे आठवावं लागावं. खाणीची उभी भिंत मात्र बघण्यासारखी. वर हाताला खरबरीत लागणारा जांभा, त्याखाली नखाने खरवडता येईल अशी पांढुरकी-गुलाबी शेडी, आणि तळाला कुठेतरी मूळचा काळा दगड. भाचीने शेडी चिमटीत घेऊन चोळली, बोटं पॅन्टला पुसली. सड्यावरून चालणाऱ्याला खालचं यातलं काहीच कळत नाही. इथे निदान खणून बघता येतं. अंटार्क्टिकात बर्फाची सरासरी जाडीच दोन किलोमीटरच्या आसपास आहे. सगळ्यात जाड जागा सापडली ती विल्क्स लँडमधल्या एका बिननावाच्या दरीवर, ४,७५७ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली आणि वर तिसरी ठेवायला घेतली, तर तिसरीचं जेमतेम टोक बर्फाबाहेर राहील.

देवाचे गोठणेच्या सड्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गवत वाळून सोनेरी झालेलं, मध्येमध्ये कातळ उघडा. तिथे एक माणूस कोरला आहे, सरळ उभा, हातपाय ताठ. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात हे गावही आहे. पण इथली खासियत वेगळी. होकायंत्र या शिल्पाजवळ नेलं की दिशा चुकवतं. भाचीने दोन्ही केले, फोनमधलं आणि खिशातलं पितळी. पितळ्याचा काटा शिल्पाच्या छातीवर नेताना सावकाश सरकला, थांबला, आणि बाजूला घेतल्यावर निमूटपणे उत्तरेला परतला. मी चार वेळा करून बघितलं. कोरणाऱ्यांना हे माहीत होतं का, यावर हवी तेवढी रात्र घालवता येईल. भाचीला त्यात रस नव्हता.

तिला रस होता काट्यात. जांभ्यात लोह ठासून भरलेलं असतं आणि दगड स्वतःचं चुंबकत्व बाळगून असतो. विमानाला चुंबकत्वमापक बांधून बर्फावरून फेऱ्या मारल्या की वर पांढरं मैदान दिसत असतानाच खाली कोणत्या जातीचा दगड आहे, एक खडक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, याचा माग लागतो. जोडीला गुरुत्वमापक असतो: दगड जड असेल तर ओढ किंचित जास्त, गाळ असेल तर कमी. बर्फ या दोघांच्याही आड येत नाही.

रात्री राजापुरात मुक्काम. खोलीच्या फरशीवर नकाशा पसरला. तो सारखा गुंडाळला जायला बघत होता, म्हणून चार कोपऱ्यांवर तांब्या, टॉर्च, सोललेला नारळ आणि तिची चप्पल. हा ‘बेडमॅप-३’, मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला, ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पुढाकाराने अनेक देशांनी साठेक वर्षांत गोळा केलेल्या ८ कोटींहून जास्त नोंदींवरून बनवलेला. समुद्रसपाटीच्या वरची जमीन तपकिरी, खालची निळी. आणि निळं किती! खंडाचा पश्चिमेकडचा भाग जवळजवळ सगळा निळा. तिथे बर्फ जमिनीवर बसला आहे हे खरं, पण ती जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे, काही ठिकाणी दोन-अडीच हजार मीटर.

पूर्वेकडे मधोमध गडद तपकिरी ठिपका. गाम्बुर्त्सेव्ह पर्वतरांग. १९५८ मध्ये सोव्हिएत मोहिमेने सुरुंग लावून त्याचे प्रतिध्वनी मोजले, तेव्हा बर्फ अचानक पातळ लागायला लागला. खाली आल्प्सच्या तोडीची रांग निघाली. तिचं एकही शिखर बर्फाबाहेर नाही. वरून जाणाऱ्याला सपाट पठारच लागतं.

"आणि हे बघ," म्हणत तिने पूर्व किनाऱ्याजवळ बोट ठेवलं. २०२३ मध्ये डरॅम विद्यापीठाच्या स्ट्युअर्ट जेमिसन यांच्या गटाने तिथे बर्फाखाली नद्यांनी कोरलेला मुलूख दाखवून दिला. डोंगर, त्यांच्यामधल्या दऱ्या, सगळं निदान १ कोटी ४० लाख वर्षं जसंच्या तसं. क्षेत्रफळ ३२ हजार चौरस किलोमीटर. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा अख्खा कोकण विभाग त्याहून थोडा लहान भरतो. तिथला बर्फ खाली दगडाला गोठून बसला आहे, सरकत नाही, म्हणून त्याने जमीन खरवडली नाही. मला आतापर्यंत वाटायचं, बर्फ म्हणजे सगळं किसून टाकणारा. तर हा राखणदारही निघाला.

गुरुवार : उन्हाळे

राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यावर सकाळी सातला गेलो, गर्दी नको म्हणून. तरी आधीच एक आजोबा गोमुखाखाली पाठ देऊन बसले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. संधिवाताला उत्तम, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मी पाय सोडून बसलो. पाण्याला वाफ धरलेली, गंधकाचा मंद वास, बाजूच्या दगडांवर बुळबुळीत हिरवं.

इथे भाचीची गाडी सुरू झाली, ती दुपारच्या जेवणापर्यंत थांबली नाही. मीही थांबवली नाही, कारण या सहलीत मला सगळ्यात नवीन वाटलेलं हेच.

जमिनीतून उष्णता सगळीकडे वर येते, फक्त अशा झऱ्यांवर ती जाणवते. इतरत्र ती इतकी थोडी असते की हवेत विरून जाते. पण वर चार किलोमीटर बर्फ असेल तर? बर्फ उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. शिवाय वरच्या वजनाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो; चार किलोमीटरखाली उणे तीनच्या आसपासच तो वितळायला लागतो. रशियाच्या व्होस्तोक तळावर वर्षाचं सरासरी तापमान उणे ५५ अंश, आणि २१ जुलै १९८३ ला तिथे उणे ८९.२ नोंदलं गेलं. त्याच तळाच्या खाली, पावणेचार किलोमीटर बर्फापलीकडे, वाहतं राहू शकेल असं पाणी आहे. व्होस्तोक सरोवर, लांबी सुमारे २५० किलोमीटर. मुरूडपासून मालवणपर्यंत सरळ रेघ मारली तर साधारण तेवढी भरेल.

गंमत अशी की तळ उभारला १९५७ मध्ये, आणि पायाखाली एवढं मोठं सरोवर असल्याचं पक्कं झालं ते १९९६ च्या सुमाराला. मधली चार दशकं माणसं त्याच्या डोक्यावर राहत होती, जेवत होती, भोकं पाडत होती. अखेर फेब्रुवारी २०१२ मध्ये ३,७६९ मीटर खोल गेलेलं भोक पाण्याला टेकलं.

आजोबा हे सगळं ऐकत होते. "मग तिथे आंघोळ करता येईल?" त्यांनी विचारलं. पाणी उणे तीन अंशांचं आहे म्हटल्यावर त्यांनी गोमुखाखाली आणखी नीट बैठक मारली.

तिथून वर गंगेच्या कुंडांवर गेलो. राजापूरची गंगा अवतरते तेव्हा या चौदा कुंडांत पाणी येतं, काही दिवस राहतं आणि निघून जातं. पूर्वी तीन वर्षांनी येते असं म्हणत. अलीकडे तिने वेळापत्रक पाळायचं सोडलंय. आम्ही गेलो तेव्हा कुंडं कोरडी. तळाला वाळलेली पानं आणि कुणीतरी टाकलेली नाणी. "गेली. आता मनात येईल तेव्हा यायची," देखभाल करणाऱ्या बाई म्हणाल्या, घरातल्या माहेरवाशिणीबद्दल बोलावं तशा. जमिनीच्या पोटातल्या पोकळ्या भरतात आणि सायफनसारख्या एकदम रित्या होतात, असं स्पष्टीकरण देतात.

बर्फाखालीही हेच चालतं. तिथे आता सहाशेहून जास्त सरोवरं माहीत आहेत, त्यातली काही भरतात आणि रिकामी होतात. हे कळलं उपग्रहामुळे. पूर्व अंटार्क्टिकात एके ठिकाणी बर्फाचा पृष्ठभाग सोळा महिन्यांत तीनेक मीटर खचला आणि त्याच काळात २९० किलोमीटर दूर दुसरीकडे तो वर उचलला गेला. खालचं सरोवर फुटून पाणी पुढच्या सरोवरांत गेलं होतं. २००६ मध्ये डंकन विंगम आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं, तोवर ही तळी कोट्यवधी वर्षं निवांत पडून आहेत असाच समज होता.

आणि हे पाणी नुसतं नवलाचं नाही. तळाशी पाणी असेल तर बर्फ घसरतो. जिथे तो दगडाला चिकटला आहे तिथे तो वर्षाला हातभर हलतो. जिथे खाली पाणी आणि चिखल आहे तिथे शेकडो मीटर, काही ठिकाणी किलोमीटर. म्हणून खालची जमीन कशी आहे हे माहीत असावं लागतं.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी. यावर जास्त लिहीत नाही, भूक लागते.

शुक्रवार : विजयदुर्ग

वाघोटन खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला तिन्ही बाजूंनी पाण्यात. ओहोटीच्या वेळी बुरुजावर बसलो. अख्ख्या खाडीचं पाणी या अरुंद तोंडातून बाहेर निघतं, तरी वरून ते फार धावताना दिसत नाही. मग एवढं पाणी जातं कुठून? खोलीतून. तोंड अरुंद आणि पाणी भरपूर, म्हणजे तळ खोल असणारच. आंग्र्यांची जहाजं इथे लपायची ती त्याच जोरावर.

डेन्मन हिमनदीची खोली असल्याच हिशोबाने निघाली. पूर्व अंटार्क्टिकातल्या त्या घळीत रडार चालेना, दोन्ही कड्यांचे प्रतिध्वनी येऊन तळाचा आवाज बुडून जाई. मॅथ्यू मॉर्लिगेम यांच्या गटाने मग वरून किती बर्फ आत येतो आणि किती वेगाने पुढे सरकतो याचा ताळा मांडला. रुंदी ठाऊक, वेग ठाऊक, उरली खोली. डिसेंबर २०१९ मध्ये आकडा जाहीर झाला: समुद्रसपाटीखाली ३,५०० मीटर. समुद्राबाहेरची पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा. मृत समुद्राचा काठ साधारण सव्वाचारशे मीटर खाली आहे, तो या हिशोबात कुठेच बसत नाही.

मावळतीकडे बोट करून भाचीने विचारलं, "सरळ गेलं तर काय लागेल?" मी म्हटलं ओमान. तिने मान हलवली. त्याच्या खूप आधी, इथून सुमारे १०५ किलोमीटरवर, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पाण्याखालचं पठार, त्यावर प्रवाळ, माथा पाण्याखाली जेमतेम वीस मीटर. विजयदुर्गला आंग्र्यांच्या नावाने बरंच काही दाखवतात, पण त्यांच्या नावाचा एवढा मोठा भूभाग पाण्याखाली आहे हे मला पन्नाशीत कळलं.

वीस हजार वर्षांपूर्वी तो पाण्याखाली नव्हता. तेव्हा उत्तर अमेरिका, युरोप आणि अंटार्क्टिका यांच्यावर इतका बर्फ साचला होता की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर किंवा त्याहूनही खाली होती. म्हणजे या बुरुजावरून तेव्हा पाणी दिसलंच नसतं. उतरती जमीन, तीत पुढेपुढे जाणाऱ्या नद्या, आणि दूर कुठेतरी आंग्रिया बँकेच्या आसपास लाटा. वाघोटनची नदी तिथवर वाहत गेली असणार. मग तिकडचा बर्फ वितळला, तिकडची जमीन उघडी पडली आणि इकडची बुडाली. स्वीडन-फिनलंडच्या मधल्या आखाताचा काठ डोक्यावरचं ओझं गेल्यामुळे अजून वर येतोय, वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर. आपली बुडलेली जमीन बुडालेलीच राहिली. मला हा व्यवहार एकतर्फी वाटला आणि मी तसं बोललोही.

शनिवार : मालवण, देवबाग

ओळखीच्या एका तांडेलाने पहाटे होडीवर घेतलं. होडी फायबरची, मागे इंजिन, आणि त्याच्या गुडघ्याजवळ मीठ लागून पांढुरका झालेला फिशफाइंडरचा, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ दाखवणाऱ्या यंत्राचा, छोटा पडदा. आम्ही निघालो तशी पडद्यावर तळाची रेघ उमटू लागली. आकडा मीटरमध्ये येत होता, तांडेल मात्र मनातल्या मनात त्याचे वाव, म्हणजे खोलीचं जुनं माप, करून सांगायचा. "हय सहा वाव. आता फुडे खडप येतला बघा." आणि आलं. रेघ जाड झाली, खाली तिची दुसरी फिकट सावली पडली. चिखलावर रेघ पसरट आणि मऊ दिसते, दगडावरून आवाज जोरात परततो, इतका की पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन येतो. त्या दुसऱ्या रेघेवरून जाळं कुठे टाकायचं नाही हे त्याला कळतं.

भाची पडद्याला नाक लावून बसली. बर्फातही हेच, फक्त आवाजाच्या जागी रेडिओलहरी. खाऱ्या पाण्यात त्या लगेच मरतात, थंड बर्फातून मात्र किलोमीटरच्या किलोमीटर जातात. विसाव्या शतकाच्या मध्याला वैमानिकांच्या लक्षात आलं की रेडिओ उंचीमापक बर्फावर भलतीच उंची दाखवतो, कारण प्रतिध्वनी पृष्ठभागाऐवजी खालून येतोय. ही खोड म्हणजे तर साधनच आहे, हे ओळखून १९६० च्या दशकात केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन इव्हान्स यांनी खास बर्फासाठी यंत्र तयार केलं आणि ते विमानांवर बसवलं गेलं. तीन किलोमीटर जाडी असेल तर लहर खाली जाऊन वर यायला सेकंदाचे साधारण ३६ दशलक्षांश भाग लागतात. परतीचा आवाज खडबडीत आला तर दगड. लख्ख आणि सपाट आला तर खाली पाणी.

तांडेलाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे थयसली जमीन कोणी बघूक नाय?" नाही, बहुतेक ठिकाणी नाही. "आमी तरी तळ खंय बघतांव? जाळी टाकतांवच मां."

मोजक्या ठिकाणी माती वर आली आहे, हे भाचीने त्याला सांगितलं. ग्रीनलंडमध्ये अमेरिकी लष्कराचा बर्फात खोदलेला तळ होता, कॅम्प सेंचुरी. १९६६ मध्ये तिथे सुमारे १,३९० मीटर बर्फातून आरपार छेद घेतला आणि तळाची साडेतीन मीटरभर गोठलेली माती काढली. सगळ्यांचं लक्ष बर्फावर, त्यामुळे माती शीतकपाटात पडून राहिली, चक्क विसरली गेली. अर्ध्या शतकाने डब्यांतून ती पुन्हा सापडली. धुऊन बघितली तर त्यात काड्या आणि शेवाळं. २०२३ च्या निष्कर्षानुसार सुमारे ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वी त्या जागेवर बर्फ नव्हता, आणि तेव्हा ग्रीनलंडच्या वितळण्यानेच समुद्र किमान १.४ मीटर वर होता.

हा आकडा माझ्या डोक्यात राहिला तो संध्याकाळी देवबागला गेल्यावर. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची, घरांची चिंचोळी पट्टी. समुद्राच्या अंगाला काळ्या दगडांचा बंधारा. बंधाऱ्यापलीकडे एका माडाची मुळं पूर्ण उघडी पडलेली, वाळू खालून निघून गेलेली, तरी शेंड्याला नारळ लागलेले. घरमालकीण म्हणाल्या, लग्न होऊन आल्या तेव्हा पुळण एवढी रुंद होती की दुपारी अनवाणी पाण्यापर्यंत जाताना पाय भाजायचे. ही धूप सगळी समुद्र वाढल्यामुळे असं मी म्हणणार नाही. वाळूउपसा, खाडीचं बदलतं तोंड, बंधाऱ्यांनी अडलेला वाळूचा प्रवास, बरीच कारणं आहेत. पण इथे १.४ मीटर म्हणजे काय, हे अंगणात उभं राहून छातीशी हात धरला की कळतं.

रात्री नकाशा पुन्हा पसरला, आता ओसरीवर. भाचीने पश्चिमेकडच्या निळ्यात थ्वेट्स हिमनदी दाखवली. रुंदी सुमारे १२० किलोमीटर, सगळी वितळली तर जगभर समुद्र साधारण ६५ सेंटिमीटर चढेल. पण काळजी तिच्या आकाराची नाही, तिच्याखालच्या उताराची आहे. तिथली जमीन किनाऱ्याकडून आत जावं तशी खोल होत जाते. कोमट समुद्राचं पाणी खालून शिरून बर्फाला मागे रेटतं, आणि बर्फ जितका मागे जाईल तितका जाड आणि खोल तळावरचा भाग उघडा पडतो, म्हणजे आणखी वेगाने बर्फ बाहेर. मध्ये एखादा उंचवटा असेल तर तो तिथे अडेल. असा उंचवटा आहे का, किती उंच, यासाठी माणसं रडार घेऊन तिथल्या थंडीत फिरतात. देवबागच्या बंधाऱ्याची उंची ठरवताना हा उंचवटा कुणी विचारात घेत असेल असं मला वाटत नाही. घ्यायला हवा.

"आणि मामा, ग्रीनलंड वितळलं तर त्याच्या आसपास समुद्र उतरेल." मला वाटलं चेष्टा करते. पण खरंच आहे. एवढ्या प्रचंड बर्फाची ओढ असते, ती समुद्राचं पाणी स्वतःकडे खेचून धरते. बर्फ गेला की पकड सुटते; दोनेक हजार किलोमीटरच्या आत पातळी घटते आणि ते पाणी दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतं.

"म्हणजे त्यांच्या दारातलं उतरणार आणि आपल्या दारातलं चढणार? हा कुठला न्याय?"

"न्यूटनचा," म्हणून ती झोपायला गेली.

रविवार : वास्को

गोव्यात शिरताना मी समजत होतो की सुट्टी सुरू झाली. पण भाचीला वास्कोला, हेडलँड सड्यावर जायचं होतं. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिथे आहे. रविवार, त्यामुळे आत जायचा प्रश्नच नव्हता. फाटकाबाहेरून इमारत बघितली. आत उणे वीस अंशांच्या खोल्यांत अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दंड ठेवलेले असतात, आणि बाहेर आम्ही जानेवारीतही घाम पुसत होतो.

जवळच्या टेकाडावरून मुरगाव बंदर दिसतं. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच ‘पोलर सर्कल’ हे भाड्याचं नॉर्वेजियन जहाज डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांना घेऊन निघालं आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकाला टेकलं. दोन वर्षांनी उभारलेलं पहिलं ठाणं ‘दक्षिण गंगोत्री’ समुद्रावर तरंगत्या हिमपट्टीवर होतं. बर्फ साचत गेला आणि दशक संपता संपता ते त्यातच गाडलं गेलं. दुसरं ठाणं, ‘मैत्री’, शिर्माखर भागातल्या उघड्या खडकावर बांधलं, ते अजून चालू आहे. अख्ख्या खंडात असा उघडा दगड एक टक्काही नाही, त्यात आपल्याला जागा मिळाली. तिसरं, ‘भारती’, २०१२ पासून, तेही लार्समान टेकड्यांच्या खडकावर.

"तो दगड आपलाच," भाची म्हणाली. मी लगेच कोकणाच्या अंगाने खूश झालो, तर तिने तिथल्या तिथे खोडून काढलं. आपला किनारा मादागास्कर आणि सेशेल्सपासून तुटला. अंटार्क्टिकाला चिकटलेला होता तो पलीकडचा, ओडिशा-आंध्रचा. पूर्व घाटातले खडक तिकडच्या खडकांशी जुळतात, आणि बर्फाखाली ते पुढे कुठवर गेलेत हे चुंबकत्वाच्या नकाशांवरून शोधणं चालू आहे. बुधवारी सड्यावर पितळी होकायंत्राशी तासभर काय चाललं होतं, त्याचा उलगडा मला आत्ता झाला. तिला याच कामात शिरायचं होतं.

तिने सुरक्षारक्षकाला विचारलं, उद्या किती वाजता उघडतं. साडेनऊ, पण आधी फोन करून या, असं तो म्हणाला. पणजीला तिची एक मैत्रीण होस्टेलवर राहते. मैत्रिणीला दोन मिनिटांत फोन झाला, स्वतःच्या आईला दहा मिनिटांत, आणि माझ्या बहिणीने फोन माझ्याकडे द्यायला लावून मलाच झापलं. डिकीतून तिची सॅक काढून दिली, नळकांडंही. सोमवारी मला कामावर जायचं होतं. बस स्टँडवर तिला सोडून, वाटेत खायला खाज्याचा पुडा घेऊन, मी चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलो.